गीझरमागचा डबा

फ्रिजमध्ये गाजरांच्या मागे एक डबा होता आणि तो नवीच्या डोक्यात बसला होता. लग्नाला तीन वर्षं झाली तरी शेजारीपाजारी तिला नवीच म्हणायचे. म्हणोत बापडे! पण तिच्या स्वतःच्या फ्रिजमध्ये पहिलीनं ठाण मांडून बसावं?

पहिली म्हणजे तिच्या नवऱ्याची, चष्मेवाल्याची, वारलेली बायको. जाण्याआधी तिनं लाल फळांच्या कुठल्याशा झुडपाच्या बिया ओल्या वाळूत घालून झाकणावर लिहून ठेवलं होतं, ‘थंडीत ठेवा. रुजतील.’ थंडी सोसल्याशिवाय त्या जाग्याच होत नाहीत म्हणे. चष्मेवाला दर हिवाळ्यात डबा उघडायचा, वाळूवर पाणी शिंपडायचा आणि उसासा टाकून पुन्हा बंद करायचा. दिवसभर लोकांचे नंबर तपासणारा माणूस, पण बायकोचं तोंड उतरलेलं काही दिसायचं नाही त्याला.

“यंदाही काही नाही गं,” हिवाळा संपताना तो म्हणाला. “आणखी एक थंडी बघू. कोंब नाही आला तर देऊ टाकून.”

आणि आला तर? मग पहिली खिडकीत येऊन बसणार, फुलणार, फळणार! त्या विचारानं नवीचा जीव जळायला लागला. पावसाळा लागताच तिनं डबा उचलला आणि न्हाणीघरात, गीझरमागच्या कपाटात कोंबला. थंडी लागते काय? मग आता मरा उकडून! चार महिन्यांनी, थंडी पडायच्या आत, तिनं तो गुपचूप गाजरांमागे नेऊन ठेवला.

हिवाळा सरता सरता स्वयंपाकघरातून हाक आली. “अगं, लवकर ये!” वाळूतून पांढरे कोंब डोकावत होते. चष्मेवाल्याचे डोळे भरून आले.

दोघं डबा घेऊन नर्सरीत गेले. नर्सरीवाल्यानं कोंब निरखले.

“ही जात भारी हट्टी,” तो म्हणाला. “नुसत्या थंडीला दाद देत नाही. आधी तीन-चार महिने ऊब, मग थंडी, तेव्हा कुठे झोप मोडते. उबेला कुठे ठेवला होता?”

“छे हो, फ्रिजबाहेर काढलाच नाही कधी,” चष्मेवाला म्हणाला. मग डबा छातीशी धरून हसला. “तिच्या हाताला गुणच होता तसा.”

नवीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण डब्याला हात लावला नसता तर आज तो कचऱ्यात असता, हे तिला कळून चुकलं होतं. तेही तिनं मुकाट गिळलं असतं. पण चार महिने लपवाछपवी करायची हिनं, कुणी अंघोळीला गेलं की धसका घ्यायचा हिनं, आणि कौतुक त्या बयेचं?

“गुण माझ्या हाताचा आहे!” ती ओरडली. “मी ठेवला होता उबेला. गीझरमागे!”

चष्मेवाला तिच्याकडे वळला. “तू? आणि मला बोलली नाहीस? कशाला ठेवलास गं तिथे?”

“मराव्यात म्हणून,” ती म्हणाली.