पुण्याचं पारडं

मंगळवार पेठेतल्या त्या बोळात दर मंगळवारी इतकी गर्दी व्हायची की सायकल हातात धरूनसुद्धा निघता येत नसे. साल २००६. आत मांडवात एक लांबलचक लाकडी दांडी टांगलेली, तिला माणूस मांडी घालून बसेल एवढी दोन पारडी. डावं पापाचं, उजवं पुण्याचं. तोलबाबा माणसाला आधी पापाच्या पारड्यात बसवून, समोर वजनं टाकून तोलायचा, काहीतरी पुटपुटायचा, मग पुण्याच्या पारड्यात बसवायचा. पाच मिनिटांत वजन सात-आठ किलोंनी उतरायचं. बायका डोळ्याला पदर लावायच्या.

"डॉक्टर चरबी कापतो, मी कर्म कापतो," बाबा म्हणायचा. त्याचं स्वतःचं पोट मांडीवर विसावलेलं होतं. कर्म फार असावं.

मी कृष्णात, चांदीकामाच्या हुपरी गावात, शाळेत विज्ञान शिकवतो. तिथं गेलो होतो शेजारणीसाठी. शमशुद्दीनची बायको नजीरा घरी बसून पैंजणांना घुंगरू जोडायची. वय अडतीस. रोज इन्सुलिनची सुई, झोपेत श्वास अडकायचा. वजन उतरवायचं ऑपरेशन हाच उपाय, असं डॉक्टर म्हणाले. खर्च सव्वादोन लाख. विमा कंपनीनं कळवलं, हे सौंदर्यासाठीचं ऑपरेशन, विम्यात बसत नाही. ते पत्र ऐकून नजीरा आधी हसली, मग बराच वेळ रडली. शेवटी गल्लीतल्या बायकांनी भिशीतले आपापले नंबर तिच्यासाठी सोडले, कारागिरांनी मजुरी दिली. दोन लाख झाले आणि तिथंच अडलं. तेवढ्यात कुणीतरी बाबाचं नाव सांगितलं. एका लाखात कायमचं काम.

"सर, तुमी बघा. तुमी म्हणशीला तसं," शमशुद्दीन म्हणाला.

हुपरीत चांदी घेणारा आधी रिकामा तराजू बघतो. दांडी सरळ राहिली, कुठल्या बाजूला पासंग, म्हणजे झुकाव, नसला, की व्यवहार पक्का. मी तेच केलं. वजनंसुद्धा गावातल्या चांदीच्या पेढीवरची, टेम्पोत घालून नेली. रिकामी दांडी सरळ होती. नजीरा पापाच्या पारड्यात भरली एकशे त्रेचाळीस. पुण्याच्या पारड्यात एकशे एकोणतीस.

"भाऊ, काटा बरोबर हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय. पासंग न्हाय," मी म्हणालो.

लाख रुपये बाबाच्या पायाशी गेले. "आता सुई बंद. टोचलीस तर उतरलेलं परत चढंल," तो म्हणाला. काटा खरा वाटला, म्हणून मीही मान डोलावली. परतीच्या बसमध्ये नजीरा बाकावर सरकली आणि मला म्हणाली, "बसा की, आता जागा हाय." जागा नव्हती. तरी मी टेकलो.

सुई सोडल्याच्या नवव्या दिवशी तिला धाप लागली. दवाखान्याच्या काट्यावर वजन एकशे छत्तीस. "तुमचा काटा बिघडलाय," मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो. त्यांनी मलाच उभं केलं. बासष्ट. बरोबर होतं. नजीराची साखर साडेपाचशेच्या वर होती. दाखल केल्यावर तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुढच्या मंगळवारी मी आणि शमशुद्दीन मांडवात शिरलो आणि दोन्ही पारड्यांत वीस-वीस किलोची वजनं ठेवली. पापाचं पारडं खाली गेलं.

"लोखंडानं काय पाप केलंय, बाबा?" शमशुद्दीननं विचारलं.

मी दांडीला मोजायची टेप लावली. दांडी ज्यावर टांगलेली तो मधला खिळा बोटभर उजवीकडे सरकवलेला होता. डावी बाजू लांब, उजवी आखूड. रिकामी दांडी सरळ दिसावी म्हणून उजव्या पारड्याच्या तळाला शिसं ठोकलेलं. लांब बाजूला माणूस जड भरतो, आखूड बाजूला हलका. ही साधी तरफ मी दरवर्षी पोरांना शिकवतो. पारडी बदलून तराजू तपासावा, हेही शिकवतो. नजीराला तोललं त्या दिवशी मी फक्त हुपरीकर होतो, मास्तर नव्हतो.

पोलिसांनी बाबाला नेलं. बोळाच्या तोंडाशी शमशुद्दीन थांबला. आवाजात राग नव्हता. "सर, बाबा तिला पटला नव्हता. तुमी बघितलं म्हणून ती बसली."

म्हणून हात जोडून सांगतो. चमत्कार दिसला तर पारडी बदलून बघा, तपासणारा बदलून बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका, सांगणारा मास्तर असला तरी.