सात नावांतलं पहिलं

श्रीमंतांच्या अंगरक्षकानं कसं वागावं, याचे नियम अंगरक्षकांचा प्रमुख विताली पेत्रोविच यानं कधी कागदावर उतरवले नाहीत. नवा माणूस आला की तो ते त्याच्या कानात ओतायचा. मालकाच्या ताटातलं खायचं नाही. मालकाच्या विनोदाला हसायचं नाही. त्याची पिशवी धरायची नाही, कारण हात मोकळे हवेत. ऐकलेलं विसरायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. थोडक्यात, हाताची घडी तोंडावर बोट. फक्त इथं हाताची घडी घालायचीही सोय नाही.

मादियारनं हे सगळं अकरा वर्षं पाळलं होतं. पिठाच्या सहा गिरण्यांची मालकीण सागीरा सापारोव्हना अल्माटीबाहेर कुठंही निघाली की त्यालाच मागून घ्यायची. अशा माणसाची बायको सुखी असते, असं बायको नसलेल्या लोकांना वाटतं. गौहर चार वर्षांपूर्वी मुलीला घेऊन ताराझला निघून गेली आणि तिथं तिनं दुसरं लग्न केलं. नवरा शाळेत शिक्षक, रोज चार वाजता घरी येणारा. मादियारला त्याचा राग यायचा, आणि त्यात रागावण्यासारखं काही नाही हे कळल्यावर जास्तच यायचा.

त्या शनिवारी सागीराबाई ताराझलाच निघाल्या होत्या. दोंब्रा या दोन तारांच्या कझाख वाद्याची मुलांची स्पर्धा त्यांच्या पैशांवर होती. वाजवून झालं की प्रत्येक मूल त्यांच्या टेबलापाशी येणार, म्हणून मुलांची यादी आधी मादियारच्या हातात आली. जवळ येणाऱ्या माणसांत अंगरक्षकाचं कोणी नात्यातलं निघालं, तर ते लगेच सांगायचं आणि बाजूला व्हायचं, हा वितालीचा सगळ्यात कडक नियम. माणूस नात्याकडे बघतो, दाराकडे बघत नाही.

चौदावं नाव होतं अकबोता ओमिरझाक. आडनाव परक्याचं होतं, पण जन्मतारीख नऊ नोव्हेंबर. त्या दिवशी तो इस्पितळाच्या खिडकीखाली बर्फात उभा होता आणि गौहरनं वरून गाठोडं काचेला लावून दाखवलं होतं.

सांगितलं असतं, तर त्याला गाडीत बसून ड्रायव्हरबरोबर सूर्यफुलाच्या बिया फोडाव्या लागल्या असत्या. चार वर्षांत त्यानं लेकीला पाहिलं नव्हतं. त्यानं यादीची घडी घातली. ''ठीक आहे यादी,'' तो म्हणाला.

विताली त्याच्याकडे बघत राहिला. ''तोंड का उतरलंय रे तुझं?''

''काल मासे खाल्ले. बाधले.''

''मासे की कोणी बाई?''

''मासेच,'' मादियार म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याला आपल्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं दिसतंय असं वाटत होतं.

सभागृहात मंचाच्या पायऱ्यांपाशी सागीराबाईंचं टेबल होतं. मादियार टेबलाच्या कडेला उभा राहिला, पाठ मंचाकडे, तोंड प्रेक्षकांकडे. परीक्षक ओराझ, ज्यांना सगळे मानानं अक्साकाल म्हणत, पांढऱ्या दाढीचे म्हातारे, सगळ्यांशी हात मिळवत आले आणि त्यांनी मादियारपुढेही दोन्ही हात केले. त्यानं छातीवर हात ठेवून फक्त मान लववली.

''हात मोडलाय का रे बाळा, की नुसती रीत मोडलीय?''

''माफ करा, अक्साकाल. कामावर आहे.''

''अस्सं. काम करणाऱ्याला हात नसतात होय,'' म्हातारा म्हणाला, आणि आजूबाजूचे मनसोक्त हसले.

तिसऱ्या रांगेत गौहर बसली होती. तिनं त्याला पाहिलं आणि शेजारच्या शिक्षक नवऱ्याच्या बाहीला धरलं. मादियारनं नजर पुढच्या रांगेवर नेली.

एकेक मूल वाजवून खाली येत होतं. सागीराबाईंचा प्रत्येकाला एकच प्रश्न. ''सात पूर्वज सांग बघू.'' कोणत्याही कझाख घरातलं मूल बापापासून सुरू करून सात पिढ्या मागं जातं. न जमलं तर घराची अब्रू जाते. काही मुलं पाचव्या नावाशी अडली आणि त्यांच्या आया खाली बघत राहिल्या.

मग चौदावं नाव पुकारलं गेलं.

मागं पावलं वाजली. खुर्ची सरकली. त्यानं तारा जुळवण्याचा आवाज ऐकला आणि त्याला कळलं की हा त्याच्या बापाचा दोंब्रा आहे. सुराला तो किंचित घोगरेपणा दुसऱ्या कुठल्या दोंब्राला नव्हता. गौहर घर सोडताना इस्त्री विसरली होती, पण तो घेऊन गेली होती. अकबोता वाजवू लागली. सुरुवातीला घाबरून भराभर, मग तिचा हात स्थिरावला. त्याला वळायचं होतं. नुसतं एकदा वळून ती किती उंच झाली, केस अजून तसेच सुटे ठेवते का, एवढं बघायचं होतं. दोनशे माणसं त्याच्या लेकीकडे बघत होती आणि तो त्या दोनशे माणसांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता.

टाळ्या झाल्या. ती टेबलापाशी आली. जवळ येणाऱ्याचे हात बघायचे असतात, म्हणून मादियारनं तिचे हात पाहिले. नखं कुरतडलेली. डाव्या बोटांची टोकं तारांनी कडक झालेली. हे हात त्यानं शेवटचे धरले तेव्हा ते दोंब्राच्या दांडीला पुरतही नव्हते. मग हात थबकले, आणि त्याला कळलं की तिनं वर पाहिलंय आणि ओळखलंय.

''सांग बाळ, सात पूर्वज,'' सागीराबाई म्हणाल्या.

मग स्वच्छ आवाजात, ''सान्सिझबाय, कोझाबेक, बिमेंदे, तुलेगेन, झानुझाक, येसिरकेप.''

बाईंनी बोटांवर मोजलं. ''सहाच झाली की गं.''

''मधलं कुठलं गळलं?'' अक्साकालनी विचारलं.

''मधलं नाही. पहिलं.''

''अगं, पहिला म्हणजे बाप! बापालाच विसरलीस?'' सभागृह हसलं. शिक्षक नवऱ्यानं मान खाली घातली.

''विसरले नाही, आजोबा. येतं मला. पण आत्ता नाही घ्यायचं.''

''का बरं?''

''ते कामावर आहेत. कामावर असताना ओळख दाखवायची नसते.''

लोक पुन्हा हसले. पोरीला बोलायला शिकवलंय चांगलं, असं कोणी तरी म्हणालं.

शिकवलं होतं मादियारनं. सहा वर्षांची असताना अल्माटीच्या बाजारात ती गर्दीतून ''पापा!'' म्हणत धावत आली होती, आणि तो मालकाच्या मागून तसाच पुढं गेला होता, जणू पोर दुसऱ्याचं. घरी आल्यावर त्यानं तिला समोर बसवलं. मी कामावर असेन तेव्हा मी तुझा कोणी नाही, समजलं? तिनं मान डोलावली होती. गौहर दाराशी उभी राहून ऐकत होती. त्यानंतर वर्षभरात ती गेली. आणि पोरीनं तो धडा पाच वर्षं जपून ठेवला होता, आणि आज हसणाऱ्या लोकांपुढं बिनबापाची होऊन तो म्हणून दाखवत होती, त्याची नोकरी जाऊ नये म्हणून.

''असलं कसलं मेलं काम,'' अक्साकाल म्हणाले. ''बाई, हिला बक्षीस द्या आणि सोडा. बापाचं नाव नसलेलं मूल...''

''मादियार,'' मादियार म्हणाला.

कामावर असताना विचारल्याशिवाय तो पहिल्यांदाच बोलला होता. आवाज फार मोठाही नव्हता. ''पहिलं नाव मादियार. ती माझी मुलगी आहे.''

कोणी हसलं नाही. सागीराबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, बहुधा अकरा वर्षांत पहिल्यांदा नीट. मग त्या मुलीला म्हणाल्या, ''पुन्हा सांग. सुरुवातीपासून.''

''मादियार,'' अकबोता म्हणाली, आणि तिचा आवाज तिथंच फुटला. बाकीची सहा नावं तिनं रडत रडत सांगितली, पण एकही चुकलं नाही.

तिला खाऊची पिशवी मिळाली. ती आईकडे गेली. जाताना त्याला स्पर्श केला नाही. तो अजून कामावर होता.

कानातल्या यंत्रात विताली बोलला, दारापाशी उभा होता तिथून, रागाचा सूर न लावता. ''सहाला ड्युटी संपते. उद्यापासून येऊ नकोस. तोवर जागा सोडायची नाही.''

''नाही सोडत.''

पंधरावं मूल मंचावर चढलं. मादियार पुन्हा मंचाकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला. तिसऱ्या रांगेत, आई आणि त्या भल्या माणसाच्या मधोमध, अकबोता बसली होती. केस आता वेणीत होते. सहा वाजायला दोन तास होते, अजून नऊ मुलं वाजवायची होती, आणि प्रेक्षकांवरून नजर न हलवणं हेच त्याचं काम होतं.