च ची भाषा

शलाका वाचत नाही हे निरुपमाला कळलं ते एका चुकून उलटलेल्या पानामुळे.

गुजरातेत, कारेलीबागेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी हा कार्यक्रम असे. सिनिअर केजीचं इंग्रजी पुस्तक मांडीवर, शलाकाचं बोट ओळीवर, आणि तोंडातून घडाघडा धडा. त्या दिवशी दोन पानं एकत्र उलटली गेली. समोर बदकाचं चित्र आलं, तरी शलाका मागच्या पानावरची टॉमची लाल टोपीच वाचत राहिली. बोट बदकाच्या ओळीवरून ठरल्या चालीने सरकत होतं. निरुपमाने तिला थांबवलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हे वाच." शलाकाने एस, यू, एन अशी तिन्ही अक्षरं बिनचूक सांगितली आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहत बसली. मग अंदाजाने म्हणाली, "डक?"

निरुपमाने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. पोरीने अख्खं पुस्तक पाठ केलं होतं. अक्षरांची नावं तिला येत होती, पण त्या अक्षरांमधून काही आवाज निघतो आणि ते आवाज जोडले की शब्द होतो, याचा तिला पत्ताच नव्हता.

वर्गाच्या बाईंनी तर स्पष्टच सांगितलं. मार्चपर्यंत वाचता आलं नाही तर पहिलीत घेणार नाही. जाता जाता त्यांनी एक उपायही सुचवला, की घरी इंग्रजीतच बोला, दोन भाषांत पोरं गोंधळतात. निरुपमा स्वतः मराठी शाळेत शिकलेली. नव्या नव्या कंपन्या येताहेत, मुलाखती इंग्रजीतून होताहेत, आणि आपण दोन वेळा पहिल्याच प्रश्नाला अडखळून परत आलो, हे ती विसरली नव्हती. तिने बाईंचा सल्ला असा काही मनावर घेतला, की बाईंनाही कौतुक वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून घरात मराठी बंद झाली आणि आईची मम्मी झाली.

नवरा आनंद मकरपुऱ्याच्या कारखान्यातून दमून येई आणि "यस", "नो", "पास द भाजी" एवढ्यावर जेवण उरकी. खरी पंचाईत झाली सासऱ्यांची. दिनकररावांची सगळी नोकरी युनिव्हर्सिटीच्या कचेरीत गेलेली; इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं, पण ते टिपणं लिहिण्यापुरतं. नातीला "आवर डिअर चाइल्ड इज रिक्वेस्टेड टु ड्रिंक मिल्क" म्हणण्यापलीकडे त्यांची मजल जाईना. शेवटी त्यांनी बोलणंच कमी केलं.

निरुपमाला वाटलं, घर शांत झालं. खरं तर घर मुकं झालं होतं, पण काळजीत बुडालेल्या माणसाला हा फरक कुठला कळायला!

पंधरवड्याने ती भाजी घेऊन जिना चढत होती, तेव्हा गॅलरीतून शलाकाचा आवाज आला. पोरगी खळखळून हसत होती. "चजोबाआ, चष्टगो चगासां!" त्यावर दिनकरराव तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "चधीआ चधदू."

च ची भाषा! निरुपमा स्वतः लहानपणी मैत्रिणींशी हीच बोलायची. शब्दाचा पहिला तुकडा काढायचा, शेवटी नेऊन जोडायचा आणि सगळ्याच्या आधी च लावायचा. आजोबा, गोष्ट सांगा. आधी दूध. म्हणजे तिच्या पाठीमागे मराठी चोरवाटेने घरात आली होती. ती दार उघडून आत शिरली तशी दोघंही चिडीचूप झाली.

"बाबा, मी काय सांगितलं होतं?"

"मराठी बोलायचं नाही असं सांगितलं होतंस," दिनकरराव म्हणाले. "ही मराठी नाही. ही च ची भाषा."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय. तिला नापास करतील आणि लोक मला विचारतील. आधीच तिला एक भाषा धड येत नाही, त्यात हे काय भलतं?" मग ती शलाकाकडे वळली. "पुन्हा असलं बोललीस तर बघ. एक शब्दसुद्धा ऐकायचा नाहीये मला."

ती हे सगळं मराठीत बोलली हे तिच्या लक्षातही आलं नाही. दिनकररावांच्या आलं होतं, पण सुनेच्या डोळ्यांत पाणी पाहून ते गप्प राहिले. शलाकाही गप्प झाली. ती इतकी गप्प झाली, की आठवड्याने बाईंनी वहीत लिहून पाठवलं, मुलगी विचारल्याचं उत्तर देत नाही, कान तपासून घ्या.

कान! निरुपमाला रात्र रात्र झोप लागेना. ती पाठीमागून हळूच हाक मारून बघे, चमचा पाडून बघे. शलाका वळे, पण बोलत नसे. आनंद म्हणाला, "अगं, तिला ऐकू येतं." पण त्याच्याही आवाजात दम नव्हता.

ऐकण्याची आणि बोलण्याची तपासणी करणाऱ्या पारुलबेन गोत्रीला बसायच्या. कानांना यंत्र लावून झालं. "कान तो सरस छे, बेन," त्या म्हणाल्या, आणि निरुपमाने सुटकेचा श्वास सोडला. पण पारुलबेननी तिला उठू दिलं नाही. कानाने ऐकणं वेगळं आणि शब्दातले आवाज सुटे करून ऐकणं वेगळं, असं त्यांनी समजावलं. 'सन'मध्ये आधी स् येतो हे ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी कागदावरचा एस म्हणजे नुसती वाकडी रेघ. आधी मोठे तुकडे सुटे होतात, मग त्यातून बारीक आवाज. आता तेच बघायचं होतं.

त्यांनी शलाकाला इंग्रजीत विचारलं, 'पेन्सिल'मधून 'पेन' काढलं तर काय उरेल? शलाका टेबलाकडे बघत राहिली. गुजरातीत विचारलं, तेव्हाही तेच. पारुलबेननी समोरच्या कागदावर काहीतरी खूण केली. ती पाहायला निरुपमा खुर्चीतून पुढे झुकली.

"घरे कई भाषा बोलो छो?"

"इंग्लिश," निरुपमा म्हणाली.

पारुलबेननी मान वर केली. "तमे तो मराठी छो ने?"

निरुपमाची नजर शलाकाकडे गेली. शब्दाचा पहिला तुकडा काढायचा आणि शेवटी न्यायचा, हे शलाका गॅलरीत हसत हसत करत होती. ज्याची परीक्षा इथे चालली होती, ते तिला येत होतं, आणि ते कुणी बंद केलं हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. पारुलबेन पुन्हा कागदाकडे वळल्या तशी ती घाईने शलाकाच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली.

"चलबो, चलाकाश," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी जीभ वळत नव्हती. "चलबो चना."

शलाकाने आधी आईकडे पाहिलं, मग दाराकडे. ओठ हलले, पुन्हा मिटले. मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "चतू चगावणाररा चहीसना चना?"

पारुलबेन हातातलं पेन खाली ठेवून ऐकत होत्या. "शुं कह्युं एणे?"

परक्या बाईसमोर निरुपमाला ते मोठ्याने सांगावं लागलं. "ती विचारतेय, तू रागावणार नाहीस ना."

मग पारुलबेननी ती कशी भाषा, कसे तुकडे उलटायचे, सगळं विचारून घेतलं आणि कागदावरची खूण खोडली. एवढे तुकडे सुटे करते ती बारीक आवाजही सुटे करायला शिकेल, मार्च राहू द्या, पण वाचेल, शाळेला मी लिहून देते, असं त्या सांगत होत्या. पहिलीचं काय होणार ते अजून ठरायचंच होतं. इतके दिवस ज्या वाक्यासाठी निरुपमा तळमळत होती, ते आता बोललं जात होतं, आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं. शलाका अजून तिच्याकडेच बघत होती. तिला उत्तर मिळालं नव्हतं.

"चनाही," निरुपमा घाईघाईत तुकडा उलटायचा विसरून म्हणाली. "चनाही, चळाबा."

शलाकाच्या कपाळावर आठी पडली. तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला.

"असं नाही गं, आई," ती म्हणाली. "हळू म्हण. मी शिकवते."