चंद्रीच्या वाटणीची पेंड

चंद्री विकायची, हे दादासोंनी एकट्यानंच ठरवलं आणि आष्ट्याच्या निम्म्या गल्लीला सांगूनही टाकलं. विऊन महिना झाला तरी गाईचं सकाळचं दूध सात लिटरच्या वर सरकत नव्हतं. मागच्या वेताला हीच चंद्री दहा लिटरची बादली भरून द्यायची. वीस दिवसांनी हरिबा व्यापारी तिला न्यायला येणार होता. दादासोंची बायको सुलाबाई मात्र गाय सोडायला तयार नव्हती. आटपाडीच्या माहेराहून तिनं ही एवढीशी कालवड आणून वाढवली होती. मेंढरांत जन्म गेलेल्या घरातली बाई ती. जनावर धडधाकट असून दूध का देत नाही, हे तिला काही केल्या पटेना.

तिनं त्याच दिवशी विश्रामबागेतून जनावरांच्या डॉक्टर चारुशीला यांना बोलावलं. त्यांनी गव्हाणीत बघितलं, तर नुसतं उसाचं वाडं, शेंड्याचा पाला.

"मावशी, वाड्यानं पोट भरतं, पण दुधाला प्रथिनं लागतात. सरकी पेंड घालत नाही का?"

"न घालून? दोन टायमाला बादलीभर भिजवत्याती की ह्ये!"

"मग ती जाते कुणाच्या पोटात?"

सुलाबाईनं मान वळवली. पलीकडे शर्यतीचा खोंड उभा होता, अंगावर माशी बसली तर घसरावी असा तुकतुकीत. दादासो उगाचच त्याचं दावं सोडायला आणि परत बांधायला लागले. शर्यतीचं मैदान जवळ आलं की चांगलंचुंगलं सगळं खोंडाला, हा या मुलखाचा नादच. पण ओल्या बाळंतिणीच्या तोंडचा घास काढून?

"आवं, दूध गाय देती का खोंड?"



त्या दिवसापासून पेंडीची बादली सुलाबाईच्या हातात गेली. एकदम घातली तर पोट बिघडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून ती रोज ओंजळ-ओंजळ पेंड वाढवत गेली. जोडीला हिरवा मेथीघास. आठ दिवस दूध हललं नाही. शेजारणी म्हणाल्या, आता वेळ गेली. सुलाबाई कुणाचं ऐकते! नवव्या दिवशी आठ लिटर झालं, मग नऊ.

विसाव्या दिवशी सकाळी हरिबा दारात हजर. धार माझ्यासमोर काढा, म्हणाला. सुलाबाई बसली. बादली भरली, फेस काठावर आला, तरी धार थांबेना.

"आवं, दुसरं भांडं आणा!"

दादासो पातेलं घेऊन पळत आले. हरिबाचे डोळे चमकले.

"दादासो, म्हणाल ती किंमत!"

सुलाबाईनं दादासोंकडं बघितलं. दादासोंनी पातेलं तिच्यापुढं ठेवलं आणि चंद्रीच्या पाठीवर हात टाकला.

"कसली किंमत रं? हिला इकतो म्हणून आमी कवा म्हणालो?"

सुलाबाईला असं हसू फुटलं की चंद्रीसुद्धा मागं वळून बघायला लागली. जिंकली होती ती, साफ जिंकली होती! पदरानं डोळे पुसून तिनं पातेल्यात पुढची धार धरली.