खर्वभर तांदूळ

रुक्मिणीबाई नळावर आल्या की मुलुंडच्या त्यांच्या चाळीतलं भांडण आपोआप मिटायचं, अशी त्यांची जीभ. त्याच जिभेने त्यांनी लेकीचा घात केला.

कुंदाचं डोहाळजेवण घाटकोपरला, सासरी होतं. जावई दत्ताराम म्हणाला, "सासूबाई, आमच्याकडे लक्ष तांदूळ देवाला वाहिल्याशिवाय सून बाळंतपणाला माहेरी जात नाही."

"लक्ष?" रुक्मिणीबाई फणकारल्या. "ते मी सोळाव्या वर्षी वाहिलेत. माझ्या पोरीला जरा पुढचं काही सांगा."

दत्ताराम कचेरीत कारकून. गालात हसून म्हणाला, "मग खर्व."

"खर्व तर खर्व. मोजून झाल्याशिवाय न्यायला येणार नाही. शब्द दिला."

बाईंची शाळा दुसरीत सुटलेली. लाखाच्या पुढचे सगळे आकडे त्यांना एकाच गावचे वाटायचे.

तीन आठवड्यांनी धाकटी नीला बहिणीला भेटून आली ती पांढरीफटक होऊन. "आये, ताई दाणा दाणा मोजते आणि तो रूळ घेऊन समोर बसतो. आकडा चुकला की बोटांवर मारतो. करंगळी मोडलीय तिची. परवा पोटात लाथ घातली."

रुक्मिणीबाईंचा विळीवरचा हात थांबला. "किती राहिलेत अजून?"

"तुला खर्व म्हणजे किती वाटलं गं?"

"असतील पाच-दहा लाख."

नीला मॅट्रिकला होती. "तू लाख कसे वाहिलेस?"

"एक वाटी मोजली, पाच हजार भरले. तशा वीस वाट्या."

"तसे लाख वेळा वाहायचे. लाख वेळा लाख, म्हणजे खर्व. मोठ्या गोणी धरल्या तर दोन हजार. न झोपता रोज लाख मोजले तरी पावणेतीनशे वर्षं लागतील. संभाजीराजांच्या काळात बसली असती, तर आत्ता कुठे उठली असती."

बाईंनी विळी भिंतीशी सरकवली. मग म्हणाल्या, "शब्द दिलाय मी."

"मग पाळ. आणि ताईच्या पिंडाला तेच तांदूळ घे."

रविवारी दुपारी बाई घाटकोपरला पोचल्या. कुंदा तांदळाच्या ढिगाशी वाकून बसली होती. बोटं वांग्यासारखी सुजलेली, पुढ्यातले दाणे लाल.

"कुठवर आलं, जावईबापू?"

"तीन लाख बारा हजार. शब्द विसरलात वाटतं?"

आईचा आवाज ऐकून कुंदाने मान वर केली. तेवढ्यासाठी रूळ तिच्या मनगटावर बसला.

रुक्मिणीबाईंनी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि त्याच्या हातावर घातला. वाळकी करवंटी फुटावी तसं हाड वाजलं. त्याने दुसऱ्या हाताने बाईंचा अंबाडा धरून डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. तोंड रक्ताने भरलं, पण वरवंटा सुटला नाही. पुढचा घाव गुडघ्यावर बसला. तो ढिगात कोसळला. बाई त्याच्या छातीवर बसल्या आणि मुठी भरभरून तांदूळ त्याच्या तोंडात कोंबू लागल्या.

"मोज. कारकून ना तू? मोज, मेल्या."

"आये, मरेल तो," कुंदा म्हणाली.

"एवढ्याने नाही मरत. असली माणसं चिवट असतात."

पण त्या उठल्या. तो कुशीवर वळून दाणे ओकत राहिला.

गॅलरीत शेजारपाजार जमला होता. शेवंतीकाकू म्हणाल्या, "रुक्मिणीबाई, देवाच्या नावाने शब्द दिला होतात."

बाईंनी रक्त थुंकलं. "दिला होता. कशाला देतेय ते मला कळत नव्हतं. मोडला. सांगा गावभर, मुलुंडच्या रुक्मिणीचा शब्द मोडतो."

असं त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या.

कुंदाला काखेत धरून त्यांनी जिना उतरायला सुरुवात केली. पोरीचे ओठ हलत होते. बाईंनी कान दिला. ती पायऱ्या मोजत होती.

रुक्मिणीबाईंनी रक्ताळलेला तळवा तिच्या ओठांवर ठेवला आणि शेवटच्या पायरीपर्यंत काढला नाही.