न दिसलेला देवमासा

चोपन्न वर्षांचा झाला, डोक्यावरचे केस गेले, औषधांच्या दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी लागली, तरी घरात त्याला सगळे बारक्याच म्हणत. ती पाटी दादानेच रंगवली होती. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, गावातला नावाजलेला पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकांच्या पाठी, जे दिसेल त्यावर त्याचा ब्रश फिरलेला होता. एकदा एका पर्यटन कंपनीच्या शटरवर त्याने चित्रात बघून देवमासा काढला आणि तेव्हापासून एकच धोशा लावला. "बारक्या, एकदा खरा बघायला पाहिजे रे. मी काढलेलं ते देवमासा आहे की फुगलेलं वांगं, कळेल तरी."

"जाऊ की," बारक्या म्हणायचा. मग कधी दुकानातला माणूस सुट्टीवर, कधी मुलीची परीक्षा. जाऊ की, जाऊ की करताना वर्षं निघून गेली आणि दादाचे डोळे गेले.

डोळ्यांचीही एक गोष्टच होती. टर्पेंटाइनच्या वासाने दादाचे डोळे सारखे चुरचुरायचे. बारक्याने दुकानातली एक बाटली काढून दिली. "दोन-दोन थेंब टाक, बरं वाटेल." बरं वाटलं. संपली की दादा दुसरी मागायचा आणि बारक्या द्यायचा. घरचाच माणूस, त्याला कुठे डॉक्टरची चिठ्ठी मागायची? त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. फार दिवस टाकलं तर डोळ्यांतला दाब वाढून नजर जाते, हे बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि औषधवाल्याला ते वाचावंही लागत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरने विचारलं, "हे थेंब तुम्हाला कुणी दिले?" बारक्या शेजारीच उभा होता. दादा म्हणाला, "मीच आणले हो, कुठल्यातरी दुकानातून." त्यानंतर दोघा भावांत हा विषय कधी निघाला नाही. दुकानात कुणी डोळ्यांचे थेंब मागितले की बारक्याचा हात मात्र कपाटाशी क्षणभर अडायचा.

म्हणून या वर्षी तो दादाला घेऊन देवमासे दिसतात त्या बेटावर आला. "आता जाऊन काय करणार?" वहिनीने विचारलं होतं. दादाच म्हणाला, "अगं, समुद्राचा वारा तर लागेल. आणि बारक्या बघेल की माझ्या वाटचं."

बेटावरची सराई दोनशे वर्षांची होती. पूर्वी तिथे वादळात अडकलेले खलाशी उतरायचे. दगडी भिंती हातभर जाड, खिडक्या लहान, दारं तर इतकी बुटकी की मालकीणबाई प्रत्येक पाहुण्याला आधी वाकायला सांगायच्या आणि मग खोलीची किल्ली द्यायच्या. दादा चौकट चाचपून बरोबर वाकला. दोन्ही डोळे शाबूत असलेल्या बारक्याने कपाळ आपटून घेतलं. "दिसत नसेल तर सांग, धरतो तुला," दादा म्हणाला आणि मालकीणबाई खळखळून हसल्या.

पहिल्या दिवशी बोटीवर आठ-दहा जण होते. गळ्यात भलीमोठी दुर्बीण अडकवलेले एक गृहस्थ होते. ते दर वर्षी यायचे आणि अजून त्यांना देवमासा दिसलेला नव्हता. सराईत सगळे त्यांना दुर्बीणवाले म्हणत. निवृत्त झालेल्या एक शिक्षिका होत्या, त्यांना सगळे बाई म्हणत. समुद्रावर धुकं होतं. बोट इकडून तिकडे फिरली. पक्षी दिसले, वाहत आलेलं लाकूड दिसलं. देवमासा काही दिसला नाही.

"दिसला का रे?" दादा विचारायचा.

"नाही अजून."

"आता?"

"नाही दादा."

शेवटी बोटवाल्याने बोट वळवली. दादाच्या ते लक्षात आलं. चेहऱ्यावर वारा फिरला होता. त्याने कठड्यावरचे हात सैल सोडले. ते सैल सुटलेले हात बारक्याला बघवेनात आणि त्याच्या तोंडून शब्द निघून गेले. "दादा! तो बघ, तुझ्या डाव्या हाताला!"

दादा ताडकन उभा राहिला. "कुठे? केवढा?"

"हळू बोल, बुजेल. केवढा म्हणजे... आपल्या गल्लीएवढा! पाठ वर आली. आता फवारा... आता शेपटी, उभी. गेला, खाली गेला!"

एकदा तोंड सुटल्यावर बारक्याला थांबता येईना. दादाच्या बंद पापण्यांतून पाणी ओघळत होतं. जवळच बसलेल्या बाईंनी रिकाम्या समुद्राकडे पाहिलं, मग बारक्याकडे पाहिलं, आणि मान फिरवली.

थापेचं एक असतं. मारणाऱ्याला वाटतं, झालं, संपलं. जेवणाच्या लांब टेबलावर सगळे जमले आणि दादाने सुरुवात केली. "अहो, काय तो आकार! आमच्या गल्लीएवढा! आणि शेपटी अशी उभी!" सूप ढवळणारे चमचे थांबले.

"कधी?" दुर्बीणवाले म्हणाले. "मी तर सगळा वेळ..."

बारक्याला वाटलं, ही जमीन दुभंगेल तर बरं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुम्ही त्या बाजूला होतात. आम्ही या बाजूला होतो." दुर्बीणवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, दादाच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "असेल. माझं नशीबच तसलं." इतकी वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला स्वतःच्या नजरेवर बोल लावून घ्यावा लागला. बारक्याने हातातला पाव परत ठेवून दिला.

जेवणानंतर बाईंनी त्याला जिन्याशी गाठलं. "मी तुमच्यासाठी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचा चेहरा पाहून बोलले. पण मला परत अशा जागी उभं करू नका." बारक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोलीत गेला तर दादा फोनवर वहिनीला सांगत होता, "अगं, माझा शटरवरचा साफ चुकलेला! शेपटी पाण्याबाहेर काढलीच नव्हती मी. नातवाला सांग, परत आलो की बरोबर काढायला शिकवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरलं होतं. बोट बेटाला वळसा घालून मोकळ्या पाण्यात आली आणि बोटवाल्याने इंजिन बंद केलं. कुणी काही बोलायच्या आत बोटीच्या अगदी शेजारी पाणी फुटलं. मोठ्या भात्यातून एकदम हवा सुटावी तसा, छातीत घुमणारा आवाज आला. वर उडालेला फवारा सगळ्यांच्या अंगावर पडला आणि पाठोपाठ कुजक्या मासळीचा असा भपकारा आला की बाईंनी नाकाला पदर लावला. दुर्बीणवाले दुर्बीण विसरून लहान मुलासारखे ओरडत होते.

दादा मात्र उठला नाही. चेहऱ्यावरचं पाणी त्याने बोटांनी पुसलं, बोटं हुंगली. परत तो आवाज आला. दादाने मान बारक्याकडे वळवली.

"हा आवाज," तो म्हणाला, "काल कुठे होता?"

काल लांब होता, हे उत्तर बारक्याच्या जिभेवर तयार होतं. दादाने ते मानलंही असतं. बारक्याने तोंड उघडलं, आणि त्याला वाटलं, आता हेही बोललो तर या माणसाला जगात आपण काहीच खरं दिलं नाही.

"काल नव्हता, दादा. काल काहीच नव्हतं."

दादाचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. बारक्या पुढे काही सांगू लागला तसा दादाने हात वर केला. "आता बोलू नकोस. ऐकू दे मला." आणि त्याने तोंड समुद्राकडे फिरवलं. देवमासा बराच वेळ आसपास होता. बारक्याला त्यातलं जवळजवळ काही दिसलं नाही. तो दादाच्या मानेकडे बघत बसला होता.

धक्क्यावर उतरताना त्याने हात पुढे केला. दादा म्हणाला, "बाई आहेत का इथे? मला जरा सराईपर्यंत सोडाल?" बाईंच्या खांद्यावर हात ठेवून दादा पुढे चालला आणि दोघांचे कोट घेऊन बारक्या मागून, एखाद्या हमालासारखा.

सराईच्या अंगणातल्या बाकावर दादाने त्याला शेजारी बसवलं.

"थेंब तू दिलेस," दादा म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "ते तू बरं वाटावं म्हणून, नकळत दिलेस. त्याचा राग मी कधी धरला नाही. डॉक्टरसमोरही बोललो नाही. पण कालचं तू कळून दिलंस. मला दिसत नाही म्हणून दिलंस."

"तुझे हात बघवले नाहीत रे मला."

"मग डोळे मिटायचे होतेस," दादा म्हणाला. "मी फोन करून बायकोला सांगितलं, नातवाला सांगायला लावलं. टेबलावर सगळ्यांसमोर बोललो. सगळ्यांना ठाऊक होतं, एक मी सोडून. लाव फोन तुझ्या वहिनीला. तूच सांग."

बारक्याने फोन लावला. सांगताना शब्द दाताखाली खड्यासारखे लागत होते. पलीकडून वहिनी म्हणाली, "भाऊजी, ते काल इतके हसत होते, मी देवाचे आभार मानले. आता ते परत कुणाकडून घेऊ?" आणि थोड्या वेळाने, "ह्यांना द्या फोन."

संध्याकाळी जेवायला बारक्या खाली येणार नव्हता, पण मालकीणबाईंनी सूप थंड होतंय म्हणून तीनदा हाक मारली. टेबलावर दुर्बीणवाले आनंदाने फुलले होते. बारक्या उभा राहिला आणि त्यांना म्हणाला, "काल तुमची नजर चुकली नव्हती. मीच खोटं बोललो." दुर्बीणवाले "जाऊ द्या हो," म्हणाले खरे, पण पावाची टोपली त्याच्याकडे सरकवताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने दादाने विचारलं, "रंग कसा होता त्याचा? खरा."

कुणाला विचारतोय ते कळेना, म्हणून सगळे थांबले. "बारक्या, तुला विचारतोय."

"नाही बघितला," बारक्या म्हणाला. "मी तुझ्याकडेच बघत होतो."

"मग एवढ्या लांब कशाला आलास? तुला मी काय घरी दिसत नव्हतो?" दादा वैतागून म्हणाला. बाईंना हसू फुटलं आणि त्यांच्यामागे टेबलही हसलं. दादा हसला नाही. बाईंनीच सांगितलं, करडा, शाळेतल्या ओल्या पाटीसारखा. "पुसलेल्या पाटीसारखा की कोऱ्या?" दादाने विचारलं, आणि त्यावर बाई आणि दुर्बीणवाल्यांचा बराच वाद झाला.

तिसऱ्या दिवशी परत जायची बोट दुपारी होती. सकाळी दादा काठी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चल, अजून एक फेरी मारू." बोट मोकळ्या पाण्यात आली.

"दिसला का?" दादाने विचारलं.

"नाही."

थोडं अंतर गेलं. "आता?"

"नाही दादा. नुसतं पाणी आहे."

"नुसतं म्हणजे कसं?"

बारक्याने कठड्यावरून वाकून पाहिलं. घाईने काही बोलायची त्याला भीती वाटत होती. "खडकाजवळ हिरवट आहे," तो सावकाश म्हणाला. "पुढे गेल्यावर काळपट. त्याच्या पुढचं मला नीट दिसत नाही. ऊन डोळ्यांवर येतंय."

"बरं," दादा म्हणाला. "दिसेल तेवढं सांग."