आत घेतलेली कंबर

तपासणीला न्यायच्या आधी नर्सने ह्यांची पॅन्ट माझ्या हातात दिली. घडी घालताना कंबर उलटी झाली, तर आत शिवणीशेजारी शिवण. जुनी न उसवताच नवी मारलेली, तिच्या आत आणखी एक. माझं डोकंच फिरलं. माणूस वाळत होता आणि कपडे मापात बसत होते, मग मला कळणार कसं?

हे शिंपी. रस्त्यात कुणी ढगळ पॅन्ट घातलेला दिसला तरी ह्यांचा जीव खालीवर व्हायचा. स्वतःची सैल झाली की दुकानातच आत घ्यायची, विषय संपला. पाठ दुखते म्हणाले की बोट कटिंगच्या टेबलाकडे; दिवसभर वाकून दुसरं काय होणार? त्या टेबलाच्या कडेला सिगारेटचे चटके. बोलून बोलून माझं तोंड दुखलं होतं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली होती. तिची भिंत सुजून जाड झाली होती आणि आतड्याला, मूत्रनळीला चिकटत चालली होती. पाठदुखी त्यामुळेच, वजन उतरणंही त्यामुळेच. फुटली तर माणूस हाती लागत नाही. सिगारेटनं हा धोका फार वाढतो, म्हणाले. मग घरात असं कुणाला झालं होतं का, ते विचारलं.

"थोरला भाऊ," हे म्हणाले. "पोटात दुखतंय म्हणाला आणि बसल्या जागी गेला. आम्ही आपलं गॅस समजलो."

शेजारी उभ्या धाकट्या दिरांचा हात आपोआप पोटावर गेला. त्यांचीही सोनोग्राफी करायला सांगितली. दीर उद्या बघू म्हणाले, तर मी त्यांना हाताला धरून तिथेच रांगेत उभं केलं.

ऑपरेशन बराच वेळ चाललं. मूत्रनळी दबल्यानं एक किडनी कायमची अधू झाली. पण माणूस हाती लागला, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून भरपूर रडले.

घरी निघताना ह्यांनी तीच पॅन्ट चढवली, तर ती सरळ खाली यायला लागली.

"सुईदोरा आहे ना पिशवीत? दोन टाके घाल. असा बाहेर पडलो तर लोक काय म्हणतील मास्तरला?"

"आहे," मी म्हणाले. "पण घालणार नाही. सैल राहू दे. मला दिसायला हवं."

 हे एका मुठीत पॅन्टची कंबर धरून, सगळ्यांसमोरून वॉर्डाबाहेर चालत निघाले. जिन्याशी दुसरा हात सवयीने सिगारेटच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तो हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला आणि पहिली पायरी उतरले.